बेसमेंटमधला कायमचा वाढदिवस

सरांच्या बेसमेंटमध्ये बाराही महिने वाढदिवस असायचा. म्हणजे खरा कुणाचाच नसायचा. पण भिंतीवर चंदेरी अक्षरांची 'हॅपी बर्थडे'ची माळ कायम टांगलेली, टेबलाखाली कागदी टोप्यांचा गठ्ठा तयार, आणि वरची बेल वाजली रे वाजली की आम्ही वह्या सतरंजीखाली सारायच्या, टोप्या चढवायच्या आणि टाळ्या वाजवायच्या, असा सरांचा नियम होता. सर 'बस' म्हणेपर्यंत टाळ्या थांबवायच्या नाहीत. मी जयसिंगपूरहून कॅनडातल्या ब्रॅम्पटनला शिकायला आले ती पुष्कळ गोष्टींची तयारी करून आले होते, पण मायनस वीसमध्ये तळघरात खोट्या वाढदिवसाची टोपी घालून बसायचं काही त्यात नव्हतं.

कारण एवढंच की सर शनिवारी दुपारी मुलांना इंग्रजी साहित्य शिकवायचे, आणि सरांच्या मते तो गुन्हा होता.

सर वर्ध्याच्या एका ज्युनिअर कॉलेजातून चौतीस वर्षं इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले. बायको गेली, घरात एकटे राहिले, म्हणून मुलीने त्यांना इकडे बोलावून घेतलं. पालकांना मिळतो तो लांब मुदतीचा व्हिजिटर व्हिसा. विमानतळावरच्या खिडकीतल्या ऑफिसरने सहज विचारलं होतं, इथे काम वगैरे करणार नाही ना? सर म्हणाले, "नो सर." झालं. एवढ्यावरून त्यांनी स्वतःला बांधून घेतलं होतं. "मी त्याले शब्द दिला आहे न बाप्पा," ते म्हणायचे. आता ते फी घेत नव्हते, कुणाच्या पगारावर नव्हते, आणि त्यांची मुलगी, जिला आम्ही ताई म्हणायचो, ती शंभरदा सांगून थकली होती की बाबा, फुकट शिकवणाऱ्याला इथे कुणी धरून नेत नाही. पण मुलांच्या आया अधूनमधून डबा पाठवायच्या, आणि सरांच्या लेखी डबा म्हणजे मोबदला. मग कुणी ढोकळा पाठवला की सर त्याच डब्यात संत्री भरून परत करायचे. "देवाणघेवाण झाली. नोकरी नाही," असं डब्यालाच समजावल्यासारखं बोलायचे.

त्या घराच्या बेसमेंटमधली एक खोली मी आणि केतकीने भाड्याने घेतली होती. केतकी पुण्याची, माझ्याच कॉलेजात, माझ्याच डिप्लोमाला. आमच्या खोलीला लागून जी मोठी खोली, तिथे सरांचा वर्ग. आम्ही तिथेच राहणाऱ्या म्हणून बाजूचं दार उघडायची ड्यूटी माझ्याकडे आलेली. मुलांनी तीन-तीन मिनिटांच्या अंतराने यायचं, कोपऱ्यावर उभं राहून, एकेकाने. बूट दारात काढायचे नाहीत, पिशवीत घालून आत आणायचे. "दारात सात जोड दिसले का समजते बाहेरच्याले," असं सरांचं म्हणणं. शेवटच्या पोराचं नाक लाल होऊन गळायला लागलेलं असायचं. मी एकदा न राहवून म्हटलं, "सर, ही पोरं न्यूमोनियाने गेली की मग खरोखरच पोलीस येतील." सरांनी पुढच्या शनिवारपासून अंतर दोन मिनिटांवर आणलं.

माणूस हाडकुळा, घरातसुद्धा माकडटोपी, अंगात दोन स्वेटर. वरच्या स्वेटरच्या खिशात पासपोर्टची लॅमिनेट केलेली झेरॉक्स, ती वॉशरूमला जातानाही सोबत. घर गरम ठेवणारी फर्नेस धाडकन सुरू झाली की दचकायचे. खारीला घाबरायचे. रिसायकलिंगच्या निळ्या डब्यात चुकीचा कचरा पडला तर, म्हणून दह्याचे रिकामे डबे साबणाने घासायचे. आणि टपालात सरकारी पाकीट आलं, मग ते विजेचं बिल का असेना, ते एक दिवस देवाच्या फोटोपुढे ठेवल्याशिवाय ताईला उघडू द्यायचे नाहीत. मी सुरुवातीला या सगळ्याला जाम हसायचे. केतकी तर त्यांची नक्कल करून दाखवायची.

पण वर्ग सुरू झाला की हसू बंद व्हायचं. पोरं सगळीकडची होती, पंजाबी, गुजराती, दोन मराठी, म्हणून शिकवणं इंग्रजीत. फक्त एक प्रश्न सर वऱ्हाडीत विचारायचे आणि तो पंजाबी पोरांनाही पाठ झालेला: "कशाले भिते?" कुठलंही नाटक असो, कादंबरी असो, राजा असो नाहीतर नोकर. पात्राला काय हवंय हे विचारू नका, ते सगळे गाईडवाले विचारतात, सर म्हणायचे. हवं काय ते माणूस स्वतःच ओरडून सांगतो. भीती मात्र लपवतो, आणि लेखक ती कुठेतरी एका ओळीत सांडून ठेवतो. ती ओळ शोधा. आणि थीम? थीम म्हणजे लेखकाची स्वतःची भीती, जी त्याने पाच-सहा पात्रांमध्ये वाटून टाकलेली असते.

शाळेत ज्यांच्या तोंडातून शब्द फुटत नव्हता ती पोरं इथे भांडायची. अकरावीतली एक मुलगी एकदा म्हणाली, "Sir, he isn't scared of dying. He's scared nobody will notice." सर उठून उभे राहिले, माकडटोपी काढली, आणि तिला नमस्कार केला. मस्करीत नाही, खरा. ती बिचारी लाजून लाल झाली.

आमच्या कॉलेजला तेव्हा एक जुनी इंग्रजी कादंबरी लावलेली होती, सरांनीही वर्ध्याला शिकवलेली. माझा डिप्लोमा सप्लाय चेनचा, गोदामात माल कसा हलवायचा त्याचा. पण एक विषय बाहेरचा घ्यावाच लागतो. केतकी म्हणाली साहित्य घेऊ, सर घरातच आहेत, आरामात पास. त्या कादंबरीत समुद्राकाठच्या गावातली एक बाई आहे. नवरा जहाजावर गेलेला, वीस वर्षं पत्ता नाही. ती घराच्या दाराला कडी लावत नाही. चोरी होते, तरी लावत नाही. सगळीकडे उत्तर एकच, की ती आशेचं प्रतीक आहे. सर म्हणाले, "आशेवर माणूस आठ दिवस दार उघडं ठेवते. वीस वर्षं ठेवते ते भीतीनं. कशाले भिते, सांगा." आम्ही दोन शनिवार डोकं खाजवलं. सरांनी काही सांगितलं नाही. ते कधीच सांगायचे नाहीत.

त्याच सुमारास तो बेलचा प्रसंग झाला. भर वर्गात वर बेल वाजली, लांब, दोनदा. ताई आणि तिचा नवरा, आमचे जिजाजी, ग्रोसरीला गेलेले. आम्ही टोप्या घालून टाळ्या पिटायला लागलो, मी वर जाऊन बघितलं तर पाण्याचं मीटर बघायला आलेला माणूस. तो खाली आला, सात टोपीवाल्यांकडे बघून हसला, मीटर बघितलं आणि गेला. टाळ्या थांबवायला मात्र कुणी सांगेना. सर कुठेत? फर्नेसच्या खोलीचं दार ढकललं तर सर गरम पाण्याच्या टाकीमागे उकिडवे बसलेले, वही छातीशी धरलेली, तोंड घामाने भिजलेलं. माझं हसू जागच्या जागी मेलं. मी आजवर भित्री माणसं पुष्कळ बघितली, पण भीतीने एवढा लहान झालेला म्हातारा माणूस बघितला नव्हता.

मी मुलांना घरी पाठवलं, पाणी दिलं. मग ते बोलले. वर्ध्याच्या फ्लॅटमध्ये बायको पहाटे गेली. त्यांना कुणाला हाक मारायचं सुचलंच नाही. दूधवाला आला तेव्हा लोकांना कळलं, तोवर ते तिच्याशेजारी बसून होते. "मले इथून पाठवलं तर त्याच खोलीत जावं लागते," ते म्हणाले. "तिथं दिवसभर कोणी हाक मारत नाही. इथं ताई ऑफिसातून आली का जिन्यावरूनच 'बाबा' म्हणते. तेवढ्यासाठी राहून राहिलो मी." त्या दिवसापासून बेल वाजली की टाळ्या सगळ्यात जोरात मी वाजवायला लागले.

आता त्यांची एक गोष्ट मला तेव्हाही कळली नव्हती आणि आजही पूर्ण कळलेली नाही. वर्गात एवढा मोकळा असलेला हा माणूस परीक्षा जवळ आली की पार बदलायचा. खाकी कव्हर घातलेली, वर्ध्याच्या दिवसांतली एक जुनी वही काढायचे आणि म्हणायचे, "लिहून घ्या." मग प्रत्येक पात्रावर दीड-दोन पानं, स्वल्पविरामासकट, आवाज न चढवता. "हार्ट ऑफ अ वेटिंग वुमन" वगैरे भरजरी इंग्रजी. मी विचारलं, सर, एवढा विचार करायला शिकवलात, मग हे कशाला? तर म्हणाले, "विचार ऐनवेळी पळून जाते. पाठ केलेलं जागेवर राहते." कॅनडात वाढलेली पोरं त्या वेळात वहीत चित्रं काढत बसायची. लिहून घेतलं ते आम्ही दोघींनी. आणि पाठ करण्यात आमचा हात कोण धरणार? दहावीला मी अख्खा इतिहास पूर्णविरामासकट पाठ केला होता, त्याचं गावात कौतुक झालं होतं. मी बेसमेंटच्या किचनमध्ये येरझाऱ्या घालत त्या बाईवरची दीड पानं घोकली, केतकीने आंघोळ करताना घोकली.

परीक्षा कॉलेजात, समोर पुस्तक नाही, मोबाईल नाही. प्रश्न आला, दार उघडं ठेवणाऱ्या बाईचं व्यक्तिचित्रण करा. मला खूप आनंद झाला. दीड पान सरसर उतरवलं. केतकीने माझ्या पुढच्या बाकावर बसून तेच दीड पान उतरवलं.

दहा दिवसांनी ईमेल आला. दोन पेपर शब्दशः सारखे, कॉपीचा संशय, चौकशी समितीसमोर हजर राहा. मी तो ईमेल वॉशरूममध्ये बसून वाचला आणि तिथेच पुढचा हिशोब मांडला. कॉपी ठरली तर विषय जातो. विषय गेला तर पूर्णवेळ विद्यार्थी राहत नाही, आणि मग पुढचं वर्क परमिट धोक्यात. म्हणजे परत. मला जेवण जाईना. घरून आईचा फोन आला की "नेटवर्क नाही" म्हणून कट करायचे. भीती काय असते ते मला त्या आठवड्यात कळलं, आणि ती अजिबात साहित्यिक नसते. नुसतं सारखं वॉशरूमला जावं लागतं.

केतकीची चौकशी माझ्या आदल्या दिवशी झाली. ती आली आणि जॅकेट न काढता पलंगावर बसून राहिली. मी विचारलं, काय सांगितलंस?

"मी स्वतः लिहिलं म्हणून सांगितलं."

"आणि माझं?"

"तू माझ्या मागे बसली होतीस, एवढंच सांगितलं. बाकी मी काही नाही म्हटलं."

"म्हणजे मी तुझं बघून लिहिलं?"

ती रडायला लागली. "मला परत नाही जायचं गं," एवढंच म्हणत राहिली. मला तिच्या दोन लगावाव्याशा वाटल्या, आणि त्याच वेळी हेही वाटलं की माझा नंबर आधी असता तर मी काय बोलले असते कोण जाणे.

मी ईमेलची प्रिंट घेऊन सरांकडे गेले. सगळं सांगितलं. म्हटलं, सर, तुमची ती वही आणि एक चिठ्ठी द्या, की हे मी लिहून दिलं होतं. बाकी काही नको. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. कागदावरची खोली, वेळ, सगळं दोनदा वाचलं.

"चिठ्ठीवर नाव लिहावं लागीन न," ते म्हणाले.

"हो, मग? नाव नसलेली चिठ्ठी कोण घेईल?"

"पत्ताही विचारतील. किती वर्षांपासून शिकवून राहिले म्हणून विचारतील." त्यांनी कागद माझ्या हातात परत दिला. "माझं नाव नको घेऊ, पोरी. हात जोडतो."

आणि त्यांनी खरोखर हात जोडले. माझा संताप संताप झाला. मी म्हटलं, "चौतीस वर्षं तुम्ही लोकांची भीती शोधत बसलात सर. स्वतः पक्के भित्रे आहात." ते म्हणाले, "हो. आहो." एवढंच. मी कागद त्यांच्या टेबलावर आपटून खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. म्हाताऱ्या माणसाला असं बोलल्याची लाज मला आजही वाटते, पण तेव्हा नाही वाटली.

दुसऱ्या दिवशी दुपारी चौकशी. एका लहान खोलीत आमच्या शिक्षिका, एक अध्यक्ष मॅडम आणि टिपणं घेणारा एक जण. सगळे गोड बोलत होते, त्यामुळे जास्तच भीती वाटत होती. मॅडम म्हणाल्या, त्या बाईबद्दल तुझ्या स्वतःच्या शब्दांत सांग. आणि मी काय करावं? मी डोळे मिटले आणि पहिल्या शब्दापासून सुरू झाले. अख्खं दीड पान, न अडखळता. शिक्षिका माझ्या पेपरवर बोट ठेवून ओळीओळीने पुढे सरकत होत्या. संपलं तेव्हा मी अभिमानाने डोळे उघडले. मला वाटलं, आता तर सिद्धच झालं की मी बघून लिहिलं नाही, माझ्या डोक्यातच आहे. त्या दोघींनी एकमेकींकडे बघितलं आणि शिक्षिकांनी पेन खाली ठेवलं. तेव्हा कळलं की मी माझ्याच हाताने माती खाल्ली.

"हे शब्द कुणाचे आहेत?" मॅडमनी विचारलं.

सरांचे जोडलेले हात डोळ्यांपुढे आले. नाव सांगितलं तर ते टाकीमागे जाऊन बसतील आणि परत उठणार नाहीत, असं काहीतरी मनात आलं. मी गप्प बसले. मॅडमनी पुन्हा विचारलं.

तेवढ्यात दारावर टकटक झाली. रिसेप्शनवरची मुलगी गोंधळून म्हणाली, हे गृहस्थ ऐकतच नाहीत. तिच्यामागे सर. जिजाजींचं गुडघ्यापर्यंत येणारं जॅकेट, माकडटोपी, खांद्याला एक फुगलेली निळी बॅग, पायात नुसते मोजे, आणि ओले बूट पिशवीत घालून हातात. बर्फातून दोन बस बदलून एकटे आले होते. त्या आधी सर एकटे कधी कोपऱ्यावरच्या मेलबॉक्सच्या पुढे गेले नव्हते.

त्यांनी खाकी वही टेबलावर ठेवली, पान उघडलं. तोच मजकूर, निळ्या शाईत, कागद पिवळा पडलेला. इंग्रजीत म्हणाले, "मॅडम, हिने चोरी केली नाही. दुसऱ्या मुलीनेही नाही. मी सांगितलं, त्यांनी पाठ केलं. आमच्याकडे यालाच अभ्यास म्हणतात. चूक माझी आहे."

"तुम्ही त्यांना नियमित शिकवता?"

मी मनात म्हटलं, नाही म्हणा. सर, नाही म्हणा.

"येस मॅडम. एव्हरी सॅटर्डे. टू टू फोर. इन द बेसमेंट."

मग त्यांनी विचारलं, मी हिला एक प्रश्न विचारू का? आणि माझ्याकडे वळून, त्या तिघांसमोर, वऱ्हाडीत: "दार कडी न लावता ठेवते. कशाले भिते?"

माझ्याकडे पाठ केलेलं काही उरलं नव्हतं. मी मोडक्या इंग्रजीत सुरू केलं. म्हटलं, तो येणार नाही याची भीती तिला नाही. तो येईल आणि परक्या माणसासारखा टकटक करेल, आणि आतून तीच 'कोण आहे' म्हणून विचारेल, याची भीती आहे. वीस वर्षांत ती त्याचा आवाज विसरलीय आणि हे तिला कुणाला कळू द्यायचं नाही. मी म्हटलं, मी आठवडाभर आईचा फोन घेतला नाही, कारण माझा आवाज तिला माझा वाटणार नाही अशी भीती होती. एवढं बोलून मी रडले. शिक्षिका म्हणाल्या, हे पेपरात का नाही लिहिलंस?

निकाल तिथेच झाला. तो पेपर रद्द, दोघींनी नवा लिहायचा, कॉपीचा शिक्का नाही. सरांना कुणी काहीच विचारलं नाही. मॅडमनी उलट, थंडीत आलात, म्हणून त्यांचे आभार मानले. सर मात्र खुर्चीत तसेच बसून राहिले, बॅग मांडीवर घेऊन, दाराकडे बघत. मी उठवलं तेव्हा उठले.

बसस्टॉपवर मी त्यांची बॅग घेतली तर हात खाली गेला.

"सर, काय भरलंय यात?"

"दोन शर्ट. पायजमे. बीपीच्या गोळ्या, तीन महिन्यांच्या. पासपोर्ट. तिचा फोटो."

मला कळेना. "कशाला?"

"मले वाटलं तिथूनच नेतील," सर म्हणाले. "सामान घ्यायला घरी येऊ देत नाहीत म्हणतात."

बस येताना दिसली तेव्हा मी विचारलं, "ताईला सांगितलंत?"

"ती ऑफिसात होती. चिठ्ठी ठेवून आलो फ्रिजवर. कुकरात भात आहे म्हणून लिहिलं. आणि मले सोडायला विमानतळावर येऊ नको, तुले रडू येईन, असं लिहिलं."

ताई साडेपाचला घरी यायची. पाच वाजायला दहा मिनिटं होती. मी सरांचा हात धरून त्यांना बसमध्ये चढवलं.